रक्त पातळ करणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी : दोन्ही घेणाऱ्या सभासदांसाठी



या पानावर दरवेळी मी बेणेप्रक्रिया, खोडव्याची जोपासना, हुमणी, लोकरी मावा असले विषय घेऊन येतो. यावेळचा विषय गोळ्यांचा आहे. ऊसविकास अधिकाऱ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. गेल्या गळीत हंगामात माझ्या गटात जे घडले ते पाहिल्यावर गप्प बसवेना. मी शेतीचा पदविकाधारक आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणी किती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पुढचा सगळा मजकूर आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना वाचून दाखवला आहे, आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या केल्या आहेत.

आमच्या गटातले एक सभासद. नाव देत नाही, त्यांची परवानगी मात्र घेतली आहे. वय साठीच्या पुढे. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्या तापाने हृदयाची एक झडप खराब झाली. बारा-तेरा वर्षांमागे मुंबईला नेऊन झडप बदलली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू. मुलगा मुंबईकडे नोकरीला, राहायला घोडबंदरला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, घोडबंदर म्हणजे मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतलं, खाडीकाठचं जुनं बंदर. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला अजून तिथं उभा आहे. आता त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी इमारती झाल्या, आणि आपल्या कार्यक्षेत्रातली बरीच पोरं त्या बाजूला स्थिरावली. मग आईवडील पावसाळ्यात तिकडे आणि तोडणीला इकडे, असं घरोघर चाललेलं असतं.

यांचंही तसंच. दिवाळीच्या सुमारास घोडबंदरला मुलाने सहज रक्त तपासून घेतलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी दाखवा म्हणाले. झडपेची गोळी चालू आहे हे तिथे सांगायचं राहूनच गेलं. "त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई," हे त्यांचे शब्द. आठव्या दिवशी चिटबॉयचा निरोप गेला की आडसालीची तोड आली. आले गावाकडे. टोळीमागे चार दिवस उभे राहिले आणि मांड्या, पोटऱ्या ठणकायला लागल्या. थकव्याने असेल म्हणून जवळच्या दवाखान्यातून एक सुई टोचून घेतली, दुखण्याच्या गोळ्याही आणल्या. तिथेही झडपेचा विषय निघाला नाही.

मी त्यांच्या फडावर गेलो तो तोडणीची नोंद बघायला. हे बांधावर बसलेले, हातात रुमाल, रुमालाला रक्त. हिरड्यातून दोन दिवस येत होतं म्हणाले. सुई टोचली तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग. विचारता विचारता कळलं, शौचाला डांबरासारखं काळं होतंय. तशीच जीप काढली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो याची एक तपासणी असते, तिला आयएनआर म्हणतात. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास येतो. यांचा २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहायला हवा होता. आला आठाच्या वर. पाच दिवस दवाखान्यात काढले. वाचले.

तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागवून घेतली आणि माझ्यासमोर टेबलावर मांडली. "यातली एकही गोळी चुकीची नाही," ते म्हणाले, "पण या सगळ्या एका पोटात जातात हे कोणालाच माहीत नव्हतं." त्या टेबलावरच्या पाकिटांचा हा लेख आहे.

आधी 'रक्त पातळ होणे' या शब्दाबद्दल. रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. ज्यांनी गुऱ्हाळ चालवलं आहे त्यांना लगेच समजेल : पाक तोच, पण साच्यात ओतल्यावर ढेप बसायला वेळ लागतो. या गोळ्यांनी रक्ताची ढेप बसायला वेळ लागतो, एवढंच. बदललेल्या झडपेवर, हृदयाच्या कप्प्यात किंवा पायाच्या शिरेत गुठळी धरू नये आणि ती मेंदूत जाऊन अर्धांग होऊ नये म्हणून त्या देतात.

या गोळ्या एका जातीच्या नाहीत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही एक जात. हृदयाच्या नळीत जाळी म्हणजे स्टेंट बसवलेल्यांना बहुतेक हीच मिळते. वॉरफरिन आणि ॲसिनोकुमारॉल ही दुसरी. झडप बदललेल्यांना आपल्याकडे बहुधा ॲसिनोकुमारॉल देतात, आणि आयएनआर तपासावा लागतो तो या दुसऱ्या जातीसाठी. अलीकडे डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही तिसरी जात आली. त्यांना आयएनआर लागत नाही. पण धातूची म्हणजे यांत्रिक झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. सांध्याच्या तापाने झडप अरुंद झालेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या रुग्णांतही जुनी गोळीच सरस ठरल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. तेव्हा शेजाऱ्याला तपासणीविना चालणारी नवी गोळी मिळाली म्हणून आपणही ती मागू नये. गावात तिन्ही जातींना एकच नाव, 'रक्त पातळ करायची गोळी'. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचल्याशिवाय आपण कुठल्या जातीत आहोत हे कळत नाही.

वॉरफरिनचा जन्म गोठ्यातला आहे, म्हणून ती हकिकत थोडी लांबवतो. १९२० च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई-बैल अचानक रक्तस्रावाने मरू लागले. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेना. एका पशुवैद्याने शोधून काढलं की ही जनावरं ओलसर राहून बुरशी धरलेला, आपल्या मेथीघासासारखा एक चारा खातात. चांगल्या चाऱ्याने काही होत नव्हतं, बुरशीच्या चाऱ्याने होत होतं. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या किटलीत न गोठलेलं रक्त आणि तो खराब चारा गाडीत घालून सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या विद्यापीठात गेला. दार उघडलं ते कार्ल लिंक या शेती-रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचं. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षं झगडून १९३९ साली त्या चाऱ्यातला नेमका पदार्थ वेगळा केला. त्याच घराण्यातलं, जास्त तीव्र असं वॉरफरिन त्यांनी १९४८ साली बाजारात आणलं, ते उंदीर मारायला! माणसाला औषध म्हणून १९५४ पासून मिळू लागलं, आणि १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही देण्यात आलं. एका शेतकऱ्याने मेलेली कालवड उकिरड्यावर न टाकता तपासायला नेली, त्याचं हे फळ.

आपण उसाच्या फडात उंदरासाठी ब्रोमॅडिओलोनचं ०.००५ टक्क्यांचं आमिष वापरतो. ते याच घराण्यातलं, पण कितीतरी पट जहाल आणि शरीरात फार काळ टिकणारं. झिंक फॉस्फाईडने उंदीर काही तासांत मरतो, ब्रोमॅडिओलोनने तीन-चार दिवसांनी, आत रक्तस्राव होऊन. म्हणून उंदराला संशय येत नाही. हे सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. मोजून दिलेलं तेच माणसाला तारतं. पण जे औषध रक्त गोठणं लांबवतं त्याच्या मात्रेत थोडाही फरक झाला तर शरीर लगेच दाखवतं, आणि हा फरक गोळी वाढवल्यानेच होतो असं नाही. शेजारी दुसरी गोळी आली तरी होतो. (जाता जाता : आमिषाचा डबा आणि घरातल्या गोळ्या एकाच फडताळात ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. आजच हलवा.)

आता कोलेस्टेरॉलच्या गोळीकडे येऊ. अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन अशी शेवटी 'स्टॅटिन' असलेली ही नावं. कोलेस्टेरॉल आपण खातो त्यापेक्षा आपलं यकृत बनवतं ते जास्त. स्टॅटिन यकृतातल्या त्या कारखान्याचा एक पट्टा सैल करतं. हिचाही उगम बुरशीचाच. जपानमधल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले अकिरा एंदो यांनी सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासले, आणि १९७३ साली तांदळावर सापडलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीतून पहिलं स्टॅटिन मिळवलं. अमेरिकेत असं पहिलं औषध विक्रीला आलं १९८७ साली. एंदो २०२४ मध्ये वारले. म्हणजे एक गोळी बुरशीच्या चाऱ्यातून आली, दुसरी बुरशीच्या तांदळातून.

दोन्ही गोळ्या एकत्र घेता येतात का? येतात. लाखो माणसं घेतात. स्टेंट बसवलेल्याला ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन तिन्ही मिळणं ही आता ठरलेली पद्धत आहे, आणि त्या जोडीत स्टॅटिनमुळे विशेष बिघाड होत नाही. अडचण आहे ती दुसऱ्या जातीची, वॉरफरिन आणि ॲसिनोकुमारॉलची.

गव्हाणीचं उदाहरण घ्या. आपल्या कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली आहे. अड्ड्यावर रोज येतात तेवढ्या गाड्या आल्या तर ऊस वेळेत गव्हाणीत पडतो. पण त्याच गव्हाणीवर दुसऱ्या गटाच्या गाड्या आणून लावल्या तर आपल्या गाड्या अड्ड्यात तटतात. यकृत ही गव्हाण समजा. रक्ताची गोळी आपलं काम करून यकृतात मोडली जाते. काही स्टॅटिन त्याच वाटेवर येऊन बसतात आणि रक्ताच्या गोळीचं मोडणं मंदावतं. तुम्ही रोज तेवढीच गोळी घेता, पण आत जास्त साठते, आणि आयएनआर वर चढतो. सगळे स्टॅटिन सारखे नाहीत. सिम्व्हास्टॅटिन आणि फ्लुव्हास्टॅटिनने आकडा वाढू शकतो. रोसुव्हास्टॅटिननेही वाढलेला दिसतो, जरी त्याची वाट थोडी निराळी आहे. अटोरव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन यांचा परिणाम त्या मानाने किरकोळ. वाढ बहुतेकांत थोडीच असते आणि मात्रा जरा कमी केली की भागते. पण ती झाली आहे हे तपासल्याशिवाय समजत नाही, कारण आकडा ३ वरून ५ वर गेला तरी माणसाला काहीच जाणवत नाही. शेतात काम करतो, जेवतो, झोपतो.

म्हणून ॲसिनोकुमारॉल किंवा वॉरफरिनवर असलेल्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू झाली, मात्रा बदलली, एकाऐवजी दुसरी दिली, किंवा बंद केली, तर आठवड्याभरात आयएनआर करायचा, आणि आकडा बसेपर्यंत डॉक्टर सांगतील तसा पुन्हा. 'बंद केली' हे मुद्दाम लिहिलं आहे. गोळी बंद केल्यावर आकडा उलट खाली जातो, आणि खाली गेला की झडपेवर गुठळी धरण्याचा धोका. आमच्या सभासदाचं नंतर हेच झालं असतं. नवी गोळी थांबवल्यावर रक्ताच्या गोळीची मात्रा परत बसवायला तीन वेळा तपासणी लागली.

आता ती नवी गोळी कोणती होती? पाकिटावर दोन नावं होती : रोसुव्हास्टॅटिन आणि फेनोफायब्रेट. खरा जोर फेनोफायब्रेटचा. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराईड, फार वाढली तर हे देतात, आणि वॉरफरिनच्या घराण्याचा परिणाम ते स्टॅटिनपेक्षा बराच जास्त वाढवतं. जेमफायब्रोझिलचंही तेच. डॉक्टरांना ठाऊक असतं, ते मात्रा आधीच कमी करतात, पण त्यासाठी मुळात रक्ताची गोळी चालू आहे हे त्यांना कळायला हवं.

आपल्या देशात एका गोळीत दोन-तीन औषधं घालून विकण्याची पद्धत आहे. सोय आहे खरी, गोळ्या कमी गिळाव्या लागतात. पण रोसुव्हास्टॅटिनसोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असलेली कॅप्सूल मिळते, अटोरव्हास्टॅटिनसोबत ॲस्पिरिन असलेलीही मिळते. ती कोणी "कोलेस्टेरॉलची" म्हणून घेतली आणि घरी ॲसिनोकुमारॉल चालूच असलं, तर रक्ताच्या दोन जाती एकत्र झाल्या. कधी कधी डॉक्टर जाणूनबुजून तसं देतातही, पण तो त्यांचा हिशेब असतो, आपला नसावा. दुसरा घोटाळा कंपनीच्या नावाचा. घोडबंदरच्या दुकानात एका नावाने मिळालेली गोळी इथे दुसऱ्या नावाने मिळते. घरात जुनी शिल्लक असते, दुकानदार नवी देतो, आणि म्हातारा माणूस दोन्ही घेतो. खताच्या पोत्यावरचं चित्र न बघता नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे बघायला मी तुम्हाला वीस वर्षं सांगतोय. इथेही तेच करा, औषधाच्या घटकाचं नाव बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्या.

तिसरं पाकीट होतं दुखण्याच्या गोळ्यांचं, आणि माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात मोठा धोका हाच आहे. स्टॅटिनने काही लोकांचे स्नायू दुखतात, मांड्या, खांदे, पोटऱ्या. सगळ्यांचे नाही, पण दुखतात. शेतकरी माणसाला वाटतं, काम जास्त झालं. मग डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाईड, नाहीतर 'अंगदुखीची पुडी' म्हणून मिळेल ते. ही औषधं जठराचं अस्तर सोलतात आणि रक्ताच्या चकत्यांचं कामही मंदावतात. रक्त आधीच उशिरा गोठत असेल तर जठरातून रक्त झिरपत राहतं आणि शौच काळं होतं. म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखले, दुखतात म्हणून तिसरी गोळी घेतली, आणि तिसरीने रक्तस्राव केला. दोष मात्र शेवटी पहिल्या गोळीवर! ही साखळी मधेच तोडायची असेल तर कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर अंग दुखायला लागलं की दुखण्याची गोळी न घेता आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ते मात्रा कमी करतील, नाहीतर स्टॅटिन बदलून देतील. दुखणं जबर असेल, अंगात त्राण नसेल, लघवी काकवीच्या रंगाची होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येतो, ते लक्षण आहे. तात्पुरतं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल बरं. पण तेही भरपूर आणि बरेच दिवस घेतलं तर आयएनआर वाढवतं, तेव्हा चार दिवसांवर गेलं तर कळवा.

दंडात किंवा कमरेत सुई टोचून घेणं तर या लोकांनी विचारल्याशिवाय करूच नये. स्नायूत आतल्या आत रक्त साकळतं. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखंच वाटत नाही, हा एक रोगच आहे म्हणा.

जुलाबासाठी घेतलेलं मेट्रोनिडाझोल, नायट्यासाठी गिळायची फ्लुकोनाझोलची गोळी, काही प्रतिजैविकं, ही सुद्धा आकडा झपाट्याने वाढवतात. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं प्रतिजैविक सिम्व्हास्टॅटिन किंवा अटोरव्हास्टॅटिनसोबत स्नायूंना बाधतं. ही नावं पाठ करण्याची गरज नाही. दाताचा डॉक्टर असो, डोळ्याचा असो की गावातला, आत शिरताच पहिलं वाक्य "मला रक्ताची गोळी चालू आहे" हेच असावं.

जेवणाबद्दल बायाबापड्या फार विचारतात. रक्ताची दुसऱ्या जातीची गोळी काम करते ती के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध. हे जीवनसत्त्व १९३० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबड्यांच्या पिलांवर काम करताना शोधलं. पालक, मेथी, कोथिंबीर, हरभऱ्याचा पाला, अळू अशा हिरव्या भाज्यांत ते भरपूर असतं. म्हणून काही लोक पालेभाजी एकदम सोडतात. तसं करू नये. आठवड्याला जेवढी खाता तेवढी साधारण कायम ठेवा. अडचण आपल्याकडे हंगामाची आहे : पौष-माघात रोज हरभऱ्याची भाजी नाहीतर मेथी, आणि उन्हाळ्यात पिठलं-भाकरी. मुलाकडे शहरात गेलं की आणखी वेगळं. ताट बदललं की आकडा बदलतो, हे लक्षात ठेवून स्थलांतर झाल्यावर एकदा तपासून घ्यावं. दारूबद्दल एवढंच सांगतो, एकदम जास्त पिण्याने आकडा भडकतो आणि यकृताला दोन्ही गोळ्यांचा भार असतोच. कोकणाकडून येणाऱ्यांनी पपनसाबाबत डॉक्टरांना विचारावं. ते ग्रेपफ्रूटचं भावंड, आणि ग्रेपफ्रूटने सिम्व्हास्टॅटिन, अटोरव्हास्टॅटिन रक्तात जास्त साठतं. काढे, भस्मं, लसणाच्या कॅप्सूल यांचीही नोंद डॉक्टरांना द्या. फोडणीतल्या लसणाला कोणी हरकत घेत नाही.

आता आपल्या उसाची गोष्ट. दोन-तीन सभासदांनी मला विचारलं की उसाच्या मेणापासून कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी निघते म्हणतात, ते खरं का? उसाच्या कांडीवर पांढरी पूड दिसते ते मेण, आणि गाळपात त्याचा बराच भाग प्रेसमडमध्ये जातो. क्युबाने १९९० च्या दशकात या मेणातून पॉलिकोसॅनॉल नावाचं औषध काढलं आणि त्याचा मोठा बोलबाला झाला. मलाही वाटलं होतं, प्रेसमडला सोन्याचा भाव येणार! पण २००६ साली जर्मनीत १४३ रुग्णांवर वेगवेगळ्या मात्रा देऊन बघितलं, तेव्हा ते आणि साधी पिठाची गोळी यांत काही फरक निघाला नाही. शिवाय ते रक्ताच्या चकत्यांवर परिणाम करतं असं खुद्द क्युबातूनच सांगितलं गेलं होतं. तेव्हा रक्ताची गोळी चालू असणाऱ्याने ही कुठे मिळाली तरी मनाने घेऊ नये. प्रेसमड कंपोस्टला उत्तम आहे, तिथेच घाला.

हे सगळं वाचून कोणी कोलेस्टेरॉलची गोळी फेकून देईल अशी मला धास्ती आहे. तसं करू नका. झटका येऊन गेलेल्या माणसाला ती पुन्हा येण्यापासून वाचवते, आणि रक्ताची गोळी आपण होऊन थांबवणं तर त्याहून वाईट. एखादी मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही. आपल्या पाळीला नेहमीची एक घ्यायची आणि वहीत लिहून ठेवायचं. हिरड्यातून, नाकातून रक्त थांबत नसेल, लघवी लाल किंवा शौच काळं असेल, मार न लागता निळे डाग उठत असतील, तर गटात कोणाची गाडी मिळेल त्या गाडीने निघा. डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, थेट मोठ्या दवाखान्यात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली तर एक मिनिट घालवू नका. तोडणीच्या दिवसांत कोयत्याचं लागतं, तेव्हा जखमेवर स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरा, हळद-चुना भरत बसू नका.

आमच्या सभासदाने आता एक शंभर पानी वही केली आहे. पहिल्या पानावर झडप कधी बदलली, कुठली बसवली, आकडा किती असावा. पुढे तारीख, आयएनआर, गोळीची मात्रा, आणि नवीन काही घेतलं असेल तर त्याचं पाकीट कापून चिकटवलेलं. शेअर सर्टिफिकेट आणि ऊसबिलाच्या पावत्या ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात त्याच पिशवीत वही. घोडबंदरला जाताना पिशवी बरोबर, येताना बरोबर. तिकडच्या डॉक्टरांनी ती बघून फेनोफायब्रेट काढलं आणि अटोरव्हास्टॅटिन एकटं दिलं. इकडच्यांनी आठ दिवसांनी तपासलं. मृगाच्या आधी ते पुन्हा मुलाकडे गेले. परवा तिथून फोन आला : आकडा २.९ आला आहे, अंगदुखी नाही, आणि आडसालीसाठी को-८६०३२ चं बेणं राखून ठेवा, या वेळी लागण लवकर करायची आहे.